चुलीची जागा

"तिथून न्हाई, दारातून ये," शेषराव म्हणाले, आणि कमलबाई होत्या तिथेच थांबल्या. दार म्हणजे काय, तर कळमनुरीजवळच्या अर्ध्या एकर काळ्या रानात पांढऱ्या फक्कीच्या दोन रेघांमधली मोकळी जागा.

बाकीचं घरही तसंच, रेघांचं. एसटीतून मेकॅनिक म्हणून रिटायर झाल्यापासून या माणसाच्या डोक्यात एकच खूळ होतं. मीठ तेवढं बाजारातून आणायचं, बाकी सगळं आपल्या रानातलं खायचं. म्हणून सकाळपासून उन्हात वाकून त्यांनी अख्खा संसार जमिनीवर आखला होता. गाईचा गोठा, कोंबड्यांचं खुराडं, हळदीचे वाफे, शेवगा, गोबरगॅसचा खड्डा. लहानपणी आजोबांबरोबर बांधावर बसून खाल्लेली कांदाभाकर आणि वर विहिरीचं गार पाणी, ती चव काही त्यांच्या जिभेवरून गेली नव्हती.

फक्त कमलबाई हो म्हणत नव्हत्या. वसमतचं घर सोडून रानात राहायचा विषय निघाला की त्या उठून कामाला लागायच्या. नुसती जागा बघून घे, असं म्हणत शेषरावांनी आज त्यांना मिनतवारीने आणलं होतं, आणि बाई रेघेबाहेरच उभ्या.

"काहून येईना आत?" शेवटी त्यांनी विचारलं. "तुला धुराची तकलीफ नको म्हणून गोबरगॅससुद्धा धरला म्या."

"तुमाला रान म्हणलं की कांदाभाकर आठवते. मला पाडवा आठवतो."

मग कमलबाई बोलत गेल्या. त्यांचे वडील सालगडी. पाडव्याला साल संपलं की बहुतेक वेळा मालक बदलायचा, मग या रानातली झोपडी मोडून त्या रानात उभी करायची. पत्रे, भांडी, लेकरं, सगळं बैलगाडीत जायचं. मागे राहायची ती चूल. आई दर वर्षी नवी चूल घालायची, हौसेनं सारवायची आणि निघताना तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. एकदा बाजाराची वाट जुन्या रानावरून गेली. चूल पावसात अर्धी विरघळली होती आणि तिच्यात कुणाचीतरी कोंबडी बसली होती. आई तिथेच मटकन बसून रडली. लेकरांसमोर ती त्याआधी कधी रडली नव्हती.

इतक्या वर्षांच्या संसारात शेषरावांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते हाताला लागलेली फक्की झटकत राहिले.

"इथून पुन्हा उठायचं न्हाई ना?" कमलबाईंनी विचारलं.

"न्हाई. आपलं हाय हे."

कमलबाईंनी सोबत आणलेली पाण्याची कॅन उचलली, वळसा घातला आणि दारातून आत आल्या. थेट हळदीच्या वाफ्यात जाऊन बसल्या. पदर खोचला, वाळलं गवत हातानं कुस्करून मातीत मिसळलं आणि पाणी घालून चिखल मळायला घेतला. बघता बघता चुलीच्या तीन बाजू उभ्या राहिल्या. हात आईसारखेच चालत होते, तिनं कधी मुद्दाम शिकवलं नसलं तरी.

शेषरावांनी हळूच सुचवून पाहिलं की तिथं हळद आहे, स्वयंपाकघर जरा अलीकडं आखलंय.

"आता ही हलायची न्हाई," कमलबाई मान वर न करता म्हणाल्या.

शेषरावांनी चपलेनं हळदीची रेघ पुसली. मग स्वयंपाकघराची, मग दाराचीही. फक्कीची पिशवी उचलून ते चुलीपाशी आले आणि तिथून घर पुन्हा आखायला लागले.