विद्यापीठाच्या जीपवरचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे, आणि गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. साधा वारा सुटला तरी माझा पत्रा थरथरू लागतो. आता कोणीतरी माईक हातात घेईल, आता मला बोलायला लावील, अशी हुरहूर सारखी लागून राहते.

लुधियानात पत्रा वळवून मला घडवलं. चंदीगडच्या सेक्टर सतरातल्या एका दुकानातून विद्यापीठाच्या सेवा योजनेसाठी मला विकत घेतलं आणि जीपच्या टपावर घट्ट बांधलं. ते दिवस काय सांगू तुम्हाला! रक्तदान असो, फुलांचं प्रदर्शन असो की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांची तपासणी, शहराला आणि आसपासच्या खेड्यांना विद्यापीठाचं आमंत्रण जायचं ते माझ्याच तोंडून. मुल्लानपूरच्या बाजूला माझा आवाज घुमला की शेतातली पोरं जीपमागे धावत सुटायची. कौतुकाने मी फुगून जायचो, आणि भोंग्याला फुगायला काय, तोंड आधीच रुंद असतं.

मग चौऱ्याऐंशीचा जून आला. पंजाबात कर्फ्यू लागला. गावोगाव ओरडून सांगायला पोलिसांकडचे भोंगे पुरेनात, म्हणून ते मला जीपसकट मागून घेऊन गेले. घराबाहेर पडू नका, दारं बंद ठेवा, एवढंच मी भर उन्हात ओरडत फिरलो. ते सांगणंही गरजेचं होतं, नाही असं नाही. पुढेही अधूनमधून हवालदार यायचा, मला न्यायचा आणि काम झालं की आणून द्यायचा. माझ्या घशातून कोणी काय बोलावं हे मला कुठे ठरवता येतं?

दोन वर्षांनी सेवा योजनेचं काम विनयाताईंकडे आलं. त्या मूळच्या साताऱ्याच्या. यजमान हवाई दलात, म्हणून त्या चंदीगडला आलेल्या आणि विद्यापीठात शिकवत होत्या. त्या वसंतात मुल्लानपूरच्या पलीकडच्या एका वस्तीत गोवराने दोन लेकरं दगावली. ताईंनी लगेच मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टर जयंतना गाठलं, बर्फाच्या डब्यात लस घेतली आणि आम्ही निघालो. किती दिवसांनी मला माझं आवडतं काम मिळालं होतं!

वस्तीच्या तोंडाशी जीप थांबली. ताईंनी माईक हातात घेतला आणि मी जीव ओतून ओरडलो, "बच्चों को लेकर आइये जी!" तर काय, अंगणात खेळणारी मुलं खेचून आत नेली गेली आणि धडाधड दारं लागली. मी पुन्हा ओरडलो. उरलेली दारंही लागली.

"ताई, बर्फ वितळतोय," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळी ही लस फेकून द्यावी लागेल मला."

"माणसं घरात आहेत हो. चुलींचा धूर दिसतोय. मग येत का नाहीत?"

बचन कौर नावाची एक म्हातारी तेवढी दारातल्या खाटेवर बसून राहिली होती. तिच्याने पळवत नव्हतं. ती म्हणाली, "बीबी, एह कर्फ्यूवाला वाजा बंद कर."

"कर्फ्यू नहीं है, माताजी. हम टीका लगाने आये हैं."

"वाजा तां ओही है," म्हातारी म्हणाली.

भोंगा तोच आहे. मित्रांनो, त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईंनी बटण बंद केलं आणि त्या खाटेच्या कडेला टेकल्या. गोवराने गेलेली दोन्ही लेकरं कोणाची होती, हे त्यांनी म्हातारीला विचारलं. एक तिच्याच पुतणीचं होतं. बराच वेळ दोघी बोलत राहिल्या. शेवटी म्हातारी ताईंचा हात धरून गल्लीत शिरली आणि पोराला घेऊन बाहेर ये, अशी एकेका दाराशी हाक घालू लागली. "नी जीतो, बाहर आ. पुलस नहीं आई, टीकेवाले आए ने. मुंडे नूं लै के आ." आधी एक दार किलकिलं झालं, मग शेजारचं. बर्फ पुरता वितळायच्या आत डॉक्टरांच्या डब्यातली लस संपली, आणि तरी काही मुलं राहिलीच. पुढच्या रविवारी नक्की येतो, असं ताई सगळ्यांना सांगून आल्या.

त्या रविवारच्या आधीच मला न्यायला हवालदार येणार, असा निरोप आला. त्या दुपारी ताई जीपच्या टपावर चढल्या. त्यांनी माझ्या मागचा डबा उघडला, आतला पातळ पडदा काढला, रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि डबा पुन्हा बंद केला. मित्रांनो, त्या पडद्यावरच माझा आवाज उमटतो. मी बोंब मारायला गेलो, पण मारणार कशाने?

हवालदाराने माईकमध्ये फुंकर मारून पाहिली.

"इसका गला बैठ गया है जी," ताई म्हणाल्या.

त्याने ताईंकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि दुसरा भोंगा शोधायला निघून गेला.

रविवारी मी मुका होऊन वस्तीत गेलो. जीप दिसली तरी एकही दार लागलं नाही. बचन कौर हाका मारत होती आणि आया लेकरांना कडेवर घेऊन येत होत्या. मला आनंद झाला आणि तिचा हेवाही वाटला. माझं काम ती माझ्याहून चांगलं करत होती.

पुढे ताईंच्या यजमानांची बदली झाली. फौजेतली बदली म्हणजे आज हुकूम आणि परवा ट्रंका ट्रकमध्ये. त्या घाईत पडदा परत बसवायचा राहून गेला. नवीन आलेल्यांनी मला बिघडलेला समजून अडगळीत टाकलं. कितीही थरथरलो तरी माझ्यातून आवाज निघत नाही, आणि थरथर काही थांबत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला मला दुरुस्त करावंसं वाटलं तर ते अवघड नाही. असा पडदा बाजारात सहज मिळतो. मला बोलायची हौस किती आहे, ते मी लपवत नाही. पण पडदा बसवण्याआधी त्या वस्तीत एकदा पायी जा. दारं ठोठावून विचारा की याला परत आणू का. त्यांनी नको म्हटलं, तर मला आहे तसाच मुका राहू द्या.