टाळलेलं घर

मार्दी ग्राच्या दिवशी उघडं तोंड असतं ते एकट्या कॅप्टनचं. उपवासाचे चाळीस दिवस लागण्याआधीचा हा सण; घरोघर फिरणाऱ्या टोळीतले बाकीचे सगळे जाळीचे मुखवटे नि टोकदार टोप्या घालून घोड्यांवर बसलेले. त्यांनी दारू ढोसावी, झाडावर चढावं, बायकांपुढे गुडघे टेकून पाच पैसे मागावेत, कोण काय म्हणणार? कॅप्टनने मात्र दारूला शिवायचं नाही. हातात पांढरं निशाण धरून एकट्याने दारापर्यंत जायचं आणि विचारायचं, मार्दी ग्राला आत घेता का? घरधनी हो म्हणाला की निशाण हलवायचं. मग घरधनी कोंबडी सोडतो, ती धरायला चिखलात पळापळ होते, आणि संध्याकाळी साऱ्या गावाच्या हंड्यात गंबोचा दाट रस्सा शिजतो.

फेरेल दुप्लेशां याच्याकडे हे निशाण आलं त्याला सहा वर्षं झाली. त्याआधी एकतीस वर्षं ते त्याच्या बापाकडे, सोस्तेनकडे होतं. सोस्तेनची एक गोष्ट गावात अजून सांगतात. एके साली एका विधवेच्या घराकडे जायचं तर दोन मैल गुडघाभर पाणी होतं. पोरं कुरकुरली. तिने शब्द दिलाय आणि आपणही दिलाय, एवढंच बोलून सोस्तेनने घोडा पाण्यात घातला. बाईच्या घरात देण्यासारखा होता फक्त एक कांदा. सोस्तेनने तो दोन्ही हातांनी घेतला आणि पोरांकडून मार्दी ग्राचं अख्खं गाणं म्हणवून घेतलं.

आता सोस्तेन एक्याऐंशीचा होता आणि विसरत चालला होता. थोरली मुलगी लुरलीन त्याच्याजवळ राहून त्याचं करायची. गेल्या वर्षी मार्दी ग्राची स्वारी दारात आली, तेव्हा म्हातारा ओल्या विजारीने पडवीत उभा राहिला आणि स्वतःच कॅप्टन असल्यासारखा घोडेस्वारांवर ओरडू लागला. फेरेलची लेक ब्रेना हिचे सासू-सासरे ह्यूस्टनहून सण बघायला आले होते. व्याह्यांनी ते सगळं फोनवर टिपलं आणि जेवताना चारचौघांत दाखवलं. सगळे हसले. फेरेलही हसला. त्या हसण्याची त्याला पुढे वर्षभर किळस येत राहिली.

या वर्षी व्याही पुन्हा आले होते, आणि गाडी घेऊन घोड्यांच्या मागोमाग फिरत होते.

रीतीप्रमाणे आठवडाभर आधी फेरेल बापाला विचारून आला होता. त्या दिवशी म्हातारा अगदी शुद्धीवर होता. दहाला येतोस ना, पांढरी कोंबडी बाजूला काढून ठेवतो, म्हणाला. फेरेलने हो म्हटलं.

दहाच्या सुमाराला घोडे फाट्यापाशी आले. उजवीकडे वळलं की भातखाचरांच्या पलीकडे बापाचं घर. फेरेलचा चुलतभाऊ डुवेन मुखवट्याआडून म्हणाला, "उजवीकडे ना, कॅप्टन?"

"रस्ता खचलाय," फेरेल म्हणाला. "घोडे अडकतील."

चार दिवसांत पावसाचा थेंब पडला नव्हता. डुवेनने घोडा डावीकडे वळवला. मुखवट्याआड त्याचं तोंड कसं झालं ते फेरेलला दिसलं नाही, पण फेरेलचं तोंड मात्र सगळ्यांना दिसत होतं. आज पहिल्यांदा त्याला वाटलं, आपल्यालाही एक मुखवटा असता तर बरं झालं असतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने मनाला समजावलं. म्हाताऱ्याचं पुन्हा हसं व्हायला नको, आपण त्याचीच अब्रू राखतोय. अब्रू कुणाची राखली जात होती ते त्याच्या घोड्यालाही कळलं असतं. लुरलीनचा फोन दोनदा वाजला. फेरेलने तो खिशातच वाजू दिला.

चारला सगळे सभागृहाच्या आवारात परतले. हंड्यांतून वाफ निघत होती, अ‍ॅकॉर्डियन सुरू झालं होतं, पोरांनी मुखवटे कपाळावर सरकवून वाडगे हातात घेतले होते. तेवढ्यात फाटकापाशी लुरलीनची गाडी थांबली आणि सोस्तेन उतरला. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, आणि काखेत पाय बांधलेली पांढरी कोंबडी.

लुरलीन तरातरा पुढे आली. "सकाळी सातपासून खुर्चीत बसलेत," ती भावाला हलक्या आवाजात म्हणाली. "जेवले नाहीत. 'मी जेवायला उठलो नि तो आला तर', म्हणून. तूच सांग आता त्यांना काय सांगायचं ते."

म्हातारा फेरेलसमोर येऊन उभा राहिला आणि त्याने टोपी काढली.

"कॅप्टन तुम्हीच का?"

बापाने फेरेलला उभ्या जन्मात अहोजाहो केलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

"ही घ्या तुमच्या हंड्याला. आमच्याकडे यायचे होतात, काही अडलं असेल." म्हाताऱ्याने आवाज खाली आणला. "माझा मुलगा असतो तुमच्यात. फेरेल त्याचं नाव. त्याला बोलू नका हं. घर टाळणाऱ्यातला नाही तो. घोडा लंगडला असेल."

अ‍ॅकॉर्डियन थांबलं होतं. व्याह्यांनी फोन वर उचलला, मग ब्रेनाकडे बघून खाली घेतला. फेरेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कोंबडी घेतली. स्वयंपाक्याने ती त्याच्या हातातून काढून नेली तेव्हाही त्याचे हात तसेच पुढे राहिले.

"निघतो मी," सोस्तेन म्हणाला. "तो आला नि घर बंद दिसलं, तर बरं दिसायचं नाही."

लुरलीनने त्याला हाताला धरून गाडीत बसवलं. गाडी दिसेनाशी झाली तेव्हा फेरेलने गळ्यातलं गाईचं शिंग फुंकलं. लोक वाडग्यांवरून बघू लागले.

"चढा घोड्यांवर. एक घर राहिलंय."

"रस्ता खचलाय ना?" डुवेनने विचारलं. त्याने मुखवटा काढून हातात घेतला होता.

"रस्ता चांगला आहे," फेरेल म्हणाला. "मी खोटं बोललो. मला बापाची लाज वाटली."

व्याही, विहीण, लेक, गाव, सगळ्यांनी ते ऐकलं. डुवेनने मुखवटा तोंडावर ओढला आणि तो आपला घोडा सोडायला गेला. मग बाकीचेही उठले.

उन्हं कलली होती. सोस्तेन पडवीत खुर्चीवर ताठ बसला होता. फेरेल निशाण घेऊन एकटा पायऱ्यांपर्यंत गेला.

"पापा, मार्दी ग्राला आत घेता का?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "आलास? मी म्हटलंच होतं लुरलीनला." तो उठला, खुर्चीखालचं पोतं त्याने ओढलं. पोतं रिकामं होतं. त्याने ते उलटं करून झटकलं, मग खिसे चाचपले. त्याच्या मानेवर लाली चढली.

"कोंबडी होती रे. कुणाला तरी देऊन बसलो, आठवत नाही कुणाला. आता तू दारात आलास आणि माझ्याकडे द्यायला काही नाही." त्याने रिकामे हात पाठीमागे लपवले.

लाज वाटायला हवी होती कुणाला आणि वाटत होती कुणाला.

"एखादा कांदा असला तरी चालेल, पापा," फेरेल म्हणाला.

सोस्तेन आत गेला. बराच वेळ कपाटांची दारं वाजली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक कांदा होता, कोंब फुटलेला. फेरेलने निशाण खाली ठेवलं आणि तो दोन्ही हातांनी घेतला.

"अख्खं गाणं म्हणा," मागे न वळता तो म्हणाला.

मुखवट्यांनी गाणं सुरू केलं. सोस्तेनही त्यांच्याबरोबर म्हणू लागला, सगळी कडवी, एकही शब्द न चुकता. पहिल्या पायरीवर फेरेल कांदा धरून उभा होता, आणि गाणं संपेपर्यंत त्याला मान वर करता आली नाही.