हुकल्यावर पळायचं

शनिवारी सकाळी अकरा चाळीसला टोबिन कार्व्हर बाद झाला आणि आमच्या एनिड गावच्या मुलांचा संघ शॉनी गावातल्या स्पर्धेत एका धावेने हरला. टोबिन बारा वर्षांचा.

बेसबॉलमध्ये तिसऱ्यांदा बॅट हुकली की गडी संपला. पण तोच चेंडू मागे बसलेल्या कॅचरच्या हातून निसटला, तर फलंदाजाला पहिल्या बेसकडे, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्याकडे, पळता येतं. टोबिनचा चेंडू निसटून थेट जाळीशी गेला होता. तिसऱ्या बेसवरचा आमचा गडी बरोबरीची धाव घेऊन फलंदाजाच्या जागी पोचलाही. टोबिन पहिल्या बेसवर पोचला असता तर ती धाव धरली गेली असती. अख्खं मैदान त्याला पळायला सांगत होतं. त्याने हेल्मेट लाल मातीत आपटलं आणि मान खाली घालून बाकाकडे चालू लागला. कॅचरने घाई न करता चेंडू उचलला आणि पहिल्या बेसला फेकला.

कोच बर्कनी आवाज चढवला नाही. जो पळत नाही त्याला पुढच्या हंगामात जागा नाही, रविवारी एकदा बघू, एवढंच त्यांनी टोबिनला सांगितलं.

आमच्या संघातल्या एका मुलाचे वडील, रस हॉलिस, खुर्ची मिटता मिटता टोबिनच्या आईला म्हणाले, "लोर्ना, पोरगं चालतं मात्र ऐटीत."

"माझ्यावर गेलंय," लोर्ना म्हणाली आणि बर्फाचा डबा उचलून गाडीकडे गेली.

पोराने विषय काढल्याशिवाय गाडीत सामन्याबद्दल बोलायचं नाही, असा कार्व्हरांच्या घरचा नियम आहे. आमच्यातल्या बऱ्याच घरांनी तो कधी ना कधी केला आणि पहिल्या सिग्नललाच मोडला. लोर्ना पाळते. नवऱ्याचा तेलविहिरीवरून फोन आला, तेव्हा हरलो एवढं सांगून तिने बोलणं घरच्या कुत्र्यावर वळवलं.

विषय टोबिनने काढला तो मोटेलवर, दुपारी, फ्रेंच फ्राइज तशाच टाकून.

"आई, उद्या कोचना सांग, माझं पोट दुखतंय."

"दुखतंय का?"

"नाही."

"मग तूच सांग. मला खोटं नीट जमत नाही."

तो म्हणाला, सगळे बघत होते. दुसरी कुणी आई असती तर म्हणाली असती, छे रे, कुणाचं लक्ष नव्हतं. लोर्ना म्हणाली, "हो, बघत होते. उद्याही बघतील."

मग तिने गाडीतून चेंडूंची बादली काढली. या खेळात आईबापांना बादली लागतेच; रिकामी करून पालथी घातली की बसायचा स्टूल होतो. मोटेलमागच्या गवतावर तिने रस हॉलिसना चेंडू टाकायला उभं केलं आणि स्वतः बादलीवर कॅचर होऊन बसली. टोबिनने बॅट उचलली.

"मारायचा नाही," ती म्हणाली. "हुकवायचा. आणि पळायचं."

टोबिनला ही थट्टा वाटली. पहिल्यांदा तो रडतच पळाला. मग चिडून पळाला. लोर्ना मुद्दाम चेंडू सोडत होती, कधी मुद्दाम पकडत होती, आणि कुठला सोडणार हे सांगत नव्हती. थोड्या वेळाने हुकवताना त्याला हसू यायला लागलं. सकाळी टोमणा मारणाऱ्या रसनी खांदा दुखेपर्यंत चेंडू टाकले. माझ्या माहितीत, हुकण्याचा सराव आमच्यात आजवर कुणी कुणाकडून करून घेतला नव्हता.

रविवारी कोचनी टोबिनला फलंदाजीत सर्वांत शेवटच्या क्रमांकावर ठेवलं. तिसऱ्या डावात त्याची बॅट पुन्हा तीनदा हुकली. या वेळी चेंडू कॅचरच्या हातात घट्ट होता. पळण्यात काही अर्थ नव्हता. टोबिन पळाला. बेस ओलांडून पार पुढे गेला. पंचांना हाक मारून सांगावं लागलं, "बाळा, तू बाद आहेस." समोरच्या संघाची पोरं हसली. तो पळतच परत आला आणि त्याने हेल्मेट डोक्यावरून काढून बाकाखाली नीट ठेवलं.

शेवटच्या डावात धावा समसमान असताना पश्चिमेला वीज चमकली. नियमाप्रमाणे खेळ थांबला, सगळी गाड्यांत जाऊन बसली.

हे लिहीपर्यंत मैदान उघडलेलं नाही. पुढची पाळी टोबिनची आहे. तो आईच्या गाडीत, हेल्मेट घालून बसला आहे.