उद्या दुपारीच काढायचंय

मी ग्विलिमच्या शेडमधली घरी बांधलेली गाडी बोलतेय. माझ्या अंगावर अजून नंबर नाही, म्हणजे रस्त्याच्या लेखी मी अजून जन्मलेलीच नाही. पण बोलायला नंबर लागत नाही.

ग्विलिमची मुलगी हेलेद चार वर्षांनी स्वीडनहून परत आली, तेव्हा तिला वाटलं होतं, बाबा कानस घेऊन माझ्या कडा घासत बसले असतील. गाडीची धडक बसली की माणसाला नेमकं कुठे काय लागतं, हेच ती तिकडे शिकत होती. आणि दर रविवारी फोनवर बाबा सांगायचे, "कडांचंच काम चाललंय." प्रत्यक्षात तिने शेडचं दार ढकललं, तेव्हा ग्विलिम शिट्टी वाजवत माझ्या मडगार्डला रबराची किनार लावत होता. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने.

"बाबा, ही पट्टी दोन पावसांत सुटेल."

"दोन पाऊस कशाला? उद्या दुपारीच काढायचंय."

माझी हकीकत थोडक्यात सांगते. ग्विलिम पाटीच्या दगडाच्या खाणीत फिटर होता. खाण बंद झाली त्या वर्षी मी सुट्या भागांच्या सात खोक्यांतून त्याच्या दारात उतरले. इंजिन मिळालं एका चेपलेल्या गाडीतून. एकदा त्याने पेडलं इतकी जवळ बसवली, की एका बुटाखाली दोन्ही दाबली जायची. सगळं उचकटलं, पुन्हा बसवलं. अशी नऊ वर्षं गेली. कारखान्यातल्या गाड्यांना एवढे लाड कुठले!

आमच्यासारखींना रस्त्यावर यायच्या आधी सरकारी तपासनिसासमोर उभं राहावं लागतं. तो मुठीपेक्षा जरा मोठा चेंडू आमच्या अंगावरून फिरवतो. चेंडू जिथे टेकेल, तिथली कड गोल हवी. माझी तारीख होती दुसऱ्या दिवशी सकाळची.

तेवढ्यात मेर्वन आला. गाड्या बांधणाऱ्यांच्या क्लबातला हा सगळ्यात जुना गडी. बिस्किटांच्या डब्यातून त्याने नटांवर घालायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या ओतल्या, आणि पिशवीतून एक स्टिअरिंग काढलं. जाडजूड, काळं, गुबगुबीत. माझं स्वतःचं लाकडी कड्याचं, चकचकीत आऱ्यांचं, आऱ्यांना भोकं. धडकेत छातीत घुसेल असं, म्हणून ते चाचणीत टिकलं नसतं.

"बारा गाड्या पास केल्यात याने," मेर्वन म्हणाला. "ही तेरावी."

"आणि त्या बारा आता कुठल्या स्टिअरिंगवर चालतात?" हेलेदने विचारलं.

"आपापल्या."

"म्हणजे पास झालं ते स्टिअरिंग. गाड्या नाहीत."

"अगं पोरी, चॅपेलमध्ये कुणाच्या अंत्यविधीला मी जावयाचा कोट घालून जातो. मग मी काय लबाड झालो?"

"कोट कुणाच्या छातीत घुसत नाही, मेर्वनकाका."

मेर्वन खो खो हसला. ग्विलिम हसला नाही.

"ऑक्टोबरनंतर गाडी चालवायची नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय," तो म्हणाला. "उद्याची तारीख गेली तर पुढची नोव्हेंबरात. तेव्हा मी हिच्यात बसेन, पण शेजारच्या सीटवर. नऊ वर्षं मी शेजारच्या सीटसाठी घालवली नाहीत."

 हेलेदने त्याचा हात धरला आणि अंगठ्यावरच्या पांढऱ्या वणावर बोट ठेवलं.

"हा कशाने?"

"हिच्याच मडगार्डने. पुसताना."

"तुम्ही उभे, ही उभी, तरी हाडापर्यंत. ही वेगात असती आणि समोर तुम्ही असता तर?"

"एवढं शिकून आलीस ती बापाच्या गाडीवर उलटायला?" ग्विलिम म्हणाला आणि उरलेली किनार चिकटवत राहिला.

खरं सांगते, मलाही ती किनार आवडली नव्हती. चकाकणं मला आवडतं. पण त्या अंगठ्याचं रक्त माझ्या पत्र्यावर सांडलं होतं, आणि ते मी विसरले होते. त्याहून जास्त लाज मला उसन्या स्टिअरिंगची वाटली. मी नऊ वर्षं स्वतःच्या हिमतीवर उभी राहिले, ती दुसऱ्याच्या जिवावर पास व्हायला?

दुसऱ्या दिवशी ग्विलिम चहाचा कप घेऊन शेडमध्ये आला, तेव्हा हेलेद गुडघ्यांवर बसून शेवटची टोपी दाबून धरत होती. पट्ट्यांचा चिकट ढीग कोपऱ्यात पडला होता. काच बसवायच्या गोंदाच्या दोन नळ्या रिकाम्या झाल्या होत्या.

ग्विलिमने किनार ओढून पाहिली. पुन्हा ओढली.

"ही निघत नाही."

"निघणारही नाही. तारीख आजचीच आहे बाबा, चुकवायची नाही. चाचणीहून परत यायला नंबर लागत नाही, दुपारी तुम्हीच हिला घरी चालवत आणा. अशीच."

ग्विलिमने माझ्याभोवती एक फेरी मारली. मडगार्डच्या कडेवरून अंगठा फिरवला, टोकापासून टोकापर्यंत. मग उरलेला चहा दारातून बाहेर फेकला.

"म्हशीसारखी दिसतेय," तो म्हणाला.

दिसू दे. रस्त्यात भेटले तर खुशाल हसा मला. फक्त हसण्याआधी माझ्या अंगावरून एकदा हात फिरवा आणि सांगा, कुठे टोचतंय का.

मेर्वन मला वाहून न्यायची ट्रॉली घेऊन आला. रबर पाहून त्याने भुवया उडवल्या. "टोप्या ठेव बाई, मला नकोत. स्टिअरिंग मात्र आज परत हवं. शनिवारी चौदावीला लावायचंय."

हेलेदने फळीवरून माझं चकचकीत स्टिअरिंग उचललं. बापाकडे पाहिलं. ग्विलिमने त्या स्टिअरिंगकडे क्षणभर डोळे भरून पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. मग तिने ते मेर्वनच्या हातात दिलं.

"याने कोण पास होणार?" मेर्वन ओरडला.

"कुणीच नाही."

"मग चौदाव्या गाडीवाल्याने करायचं काय?"

"स्वतःचं शोधायचं आणि तेच ठेवायचं. ते काळं आता हिचं आहे, काका. ते परत मिळणार नाही."