मास्तरांनी लिहिलेलं मरण

आमच्या चर्चच्या मंडळीत गेल्या वीस वर्षांत एकही माणूस साधासुधा मेलेला नाही. म्हणजे मेले सगळे चारचौघांसारखेच, कोणी मधुमेहाने, कोणी जिन्यावरून घसरून. पण मास्तरांची स्मरणपुस्तिका उघडावी तर प्रत्येकजण तहानेने व्याकूळ, वैऱ्यांना क्षमा केलेला आणि आभाळाकडे डोळे लावून गेलेला. पलीकडच्या गल्लीतल्या टपालवाल्या काकांना जन्मात एक वैरी मिळाला नव्हता. मास्तरांनी मेल्यावर दोन मिळवून दिले.

मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक आणि मंडळीतले वडीलधारे. कोणी गेलं की आठ पानांची पुस्तिका लिहायची आणि रविवारी प्रार्थनेनंतर ती मोठ्याने वाचायची, हे काम त्यांनी स्वतःच स्वतःला देऊन टाकलंय. त्यांची पद्धत मला ठाऊक आहे. हिब्रू शास्त्रातल्या, देवापुढे गायच्या जुन्या विलापांची एक जाडजूड प्रत आहे त्यांच्याकडे. ती उघडायची, एक ओळ उचलायची आणि तिच्याखाली मेलेल्या माणसाला कोंबून बसवायचं. मावला नाही तर दाबायचं.

मी कोर्टात स्टेनो आहे, बावीस वर्षं. साक्षीदार अडखळला तर मी अडखळणं लिहिते. वकिलांनी कितीही डोळे वटारले तरी न बोललेला शब्द माझ्या कागदावर येत नाही. त्यामुळे मास्तरांच्या पुस्तिका मी मागच्या बाकावर बसून ऐकायची आणि मनातल्या मनात हसायची. मग माझा धाकटा भाऊ गेला आणि हसणं संपलं.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. एक्केचाळिसाव्या वर्षी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी दोन चाळीसला, आमच्या मागच्या खोलीत तो गेला. आई त्याचं औषध आणायला बाहेर पडली होती, मी रजा टाकून घरी होते. त्या दिवसापासून आई रोज एकदा तरी विचारते, "शेवटी काय म्हणाला गं तो?" आणि मी रोज सांगते, "विशेष काही नाही आई. शांतपणे गेला. माझा हात त्याच्या हातात होता."

शुक्रवारी मास्तरांनी मजकूर पाठवला. टाईप करून दे, म्हणे, तुझा हात स्वच्छ आहे. मी वाचला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफिसातून तडक त्यांच्या घरी गेले.

मास्तर खिडकीशी बसले होते, दुखरा गुडघा स्टुलावर ठेवून. मी कागद त्यांच्यापुढे आपटले.

"'त्याच्या सोबत्यांनी त्याची वस्त्रे वाटून घेतली.' कोणी घेतली हो मास्तर? कंपनीने गणवेश परत मागितला. मी धुऊन, इस्त्री करून नेऊन दिला. स्टोअरकीपरने बटणं मोजली, सही घेतली. वाटणीसाठी चिठ्ठ्याबिठ्ठ्या टाकल्या नाहीत कोणी."

"बस तरी," मास्तर म्हणाले.

"बसायला नाही आले. 'तहानेला त्याला आंबट पेय दिले.' अहो, किडनीचा पेशंट तो! दिवसाला मोजून चार पेले पाणी. मी बर्फाचा खडा कापसात गुंडाळून ओठांवर फिरवत होते. आंबट कुठून आणलंत?"

"पण तहान होती ना?"

माझ्या डोळ्यांपुढे त्याचे फुटलेले ओठ आले. मी ते बाजूला सारले आणि आवाज आणखी चढवला.

"होती. म्हणून काय झालं? आणि हा तर कळस. 'देवा, मला का सोडलेस, असा टाहो त्याने फोडला.' हे त्याचं वाक्य नाही, मास्तर. त्या विलापातलं आहे. तुम्ही त्याच्या तोंडात घातलंत. दुसऱ्याची कवळी बसवावी तशी."

मास्तर रागावले नाहीत. त्याचा मला आणखी राग आला.

"पोरी, मी एकटाच चोर नाही," ते म्हणाले. "येशूचं मरण ज्यांनी लिहिलं त्यांनीही हेच केलं. वाटून घेतलेले कपडे, मान हलवून खिदळणारे लोक, ते आंबट, तो टाहो, सगळं त्याच जुन्या विलापांत आहे. कित्येक शतकं आधीचं."

"वा! म्हणजे परंपराच आहे तुमची. कोर्टात याला बनावट जबानी म्हणतात. येशूचं चरित्र लिहिणारे तुमचे चौघेच्या चौघे उलटतपासणीत पाच मिनिटं टिकले नसते."

"नसतेच टिकले," मास्तर म्हणाले. "कारण येशूचे सोबती पळून गेले होते. ज्यांनी मरेपर्यंत साथ देऊ म्हणून शपथा घेतल्या, तेच पळाले. बाया होत्या, पण लांब उभ्या. लांबून काय ऐकू येणार? मग नंतर खोलीत दार लावून बसल्यावर एकमेकांना काय सांगणार ते? आम्ही नव्हतो, हे सांगवत नाही. लहानपणापासून पाठ असलेली रडगाणी तेवढी होती जवळ. त्यातच त्यांनी त्याचं मरण शोधलं. लबाडी म्हण हवं तर. मी लाज म्हणतो."

"लाज वगैरे तुमच्याकडे ठेवा," मी म्हणाले. "इथे साक्षीदार हजर आहे. मी होते. खरे शेवटचे शब्द लिहून आणलेत मी. 'पंखा कमी कर.' एवढंच बोलला. छापा."

मास्तरांनी माझा कागद घेतला. चष्मा पुसला. चाळीस वर्षं वह्या तपासलेला माणूस, नजर नेमकी जायची तिथे गेली.

"पंखा कमी कर, हे किती वाजता?"

"सव्वादोनला."

"आणि गेला दोन चाळीसला. मग मधली पंचवीस मिनिटं?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"मी तुला खोडून काढत नाहीये," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "फक्त विचारतोय."

मी खुर्चीत बसले. पंखा कमी केल्यावर त्याचा श्वास बदलला होता. छातीतून घरघर यायला लागली आणि त्याने माझं मनगट धरलं. घट्ट. डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होता, काहीतरी म्हणायला ओठ हलत होते. मी एकेक करून त्याची बोटं सोडवली. बर्फ आणते, म्हणाले. स्वयंपाकघरात गेले, फ्रिजचं दार उघडलं आणि नळ सोडला, म्हणजे ती घरघर ऐकू येऊ नये. मी भ्याले होते. दुसरं काही नाही, निव्वळ भ्याले. फ्रिजपाशी उभी राहिले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. परत गेले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मग त्याचा हात मी माझ्या हातात घेतला, तोवर किल्ली दारात फिरली आणि आई आत आली. तिने तेवढंच पाहिलं.

हे मी मास्तरांना सांगितलं. बावीस वर्षं जगाच्या थापा कागदावर उतरवल्या आणि नाकाने कांदे सोलले. माझ्या घरात मात्र महिनाभर एकच थाप चालू होती, आणि ती माझी होती.

मास्तरांनी धीर दिला नाही, उपदेशही केला नाही. नुसते कागद माझ्याकडे सरकवले. "तेवढी ओळ तू लिही," म्हणाले. "मला तो हक्क नाही."

शनिवारी दुपारी मी सगळं टाईप केलं. कपडे राहू दिले, तहान राहू दिली. त्या ओळीपाशी थांबले. मग 'देवा' खोडलं आणि 'ताई' लिहिलं. ताई, मला का सोडलेस. आईला समोर बसवलं आणि पहिल्यापासून वाचत गेले. त्या ओळीवर तिने हात वर केला.

"असं म्हणाला तो?"

"माहीत नाही आई. मी नव्हते तिथे. मी स्वयंपाकघरात लपले होते. तो एकटाच गेला."

मी मार खायला तयार होते. शिव्या खायलाही.

"मास्तरांनी काय लिहिलं होतं तिथे?" आईने विचारलं.

मी सांगितलं.

"तेच ठेव," ती म्हणाली. "देवावर रागावता येतं मला. तुझ्यावर रागावले तर घरात उरतं कोण?"

मी 'ताई' खोडलं आणि पुन्हा 'देवा' लिहिलं.