काट्यावरचं बोट

चौतीस वर्षं मी दुकानदारांची बोटं बघत नोकरी केली. वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. तराजू क्वचितच खोटा असतो, खोटं असतं ते बोट. गिऱ्हाईक पिशवी उघडत असतं तेवढ्यात करंगळी पारड्याच्या कडेला टेकते आणि किलोतले पन्नास ग्रॅम गायब. मी बाजारात शिरलो की या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या दुकानदारांना एकदम खोकला सुटायचा. म्हणजे इशारा, आला म्हणून. तोंडानं मी फटकळ, राग नाकावर, पण एक बोट म्हणून सुटलं नाही माझ्या हातून.

मग निवृत्त झालो, बायको गेली आणि मी लेकीकडे राहायला आलो. लेक आणि जावई दोघंही छापखान्यात, सकाळी साडेसहाला घर सोडतात. मागे उरायचो मी, माझी नऊ वर्षांची नात आणि शेटजी. नातीचं खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण सगळे तिला मिरी म्हणतात, कारण एवढीशी आणि तिखट. शेटजी म्हणजे बोका. पिवळा, ढेरपोट्या. नाव मीच ठेवलं. उशीला टेकून येणाऱ्याजाणाऱ्याकडे असा बघायचा, जसं काही आपण त्याच्याकडे सुट्टे मागायला आलोय.

मी या घरात आलो तेव्हा माझ्याशी काय बोलावं हे कुणाला कळत नव्हतं. जावई पेपर पुढे करायचा, लेक चहा. शेटजीला बोलायचंच नव्हतं. तो आला आणि सरळ माझ्या पोटावर झोपला. बायको गेल्यावर मला पहिल्यांदा गाढ झोप लागली ती त्या दुपारी. माणसाला हसू येईल, पण त्या बोक्यानं मला सावरलं.

यंदाच्या थंडीत मिरीची छाती वाजायला लागली. छातीच्या डॉक्टरबाईंनी तिला कशाची ॲलर्जी आहे ते बघायला हातावर वेगवेगळे थेंब टाकून सुईनं टोचून पाहिलं. मांजराच्या थेंबाखाली टचकन गांधी उठली. दमा आहे म्हणाल्या, आणि बोका घरात नसलेलाच बरा. लेक म्हणाली, आजच जाईल. त्यावर मिरी रडायला लागली. रडली म्हणून धाप लागली आणि धाप लागली म्हणून आणखी रडली. मीही मध्ये तोंड घातलं, "महिनाभर बघा तरी." शेवटी बाईंनी नाइलाजानं एक तोड काढली.

त्यांनी एक नळी दिली. वीतभर लांब, प्लास्टिकची, बाजूला आकडे आणि आकड्यांवर सरकणारा लाल काटा. जोर लावून फुंकायचं, काटा जिथे थांबेल तो आकडा. तीनदा फुंकायचं आणि त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा. "दोनशेच्या वर राहिला तोवर बोका राहील," बाई म्हणाल्या. "दोन दिवस सलग खाली गेला की मला फोन करायचा आणि बोका घराबाहेर. त्यात घासाघीस नाही."

"बाबा, सकाळचं मोजणं तुमच्याकडे," लेक म्हणाली. "तुमच्या नजरेतून मुंगी सुटत नाही."

पहिला आठवडा छान गेला. दोनशे तीस, दोनशे चाळीस. शेटजीला मिरीच्या खोलीत बंदी होती, तर तो तिच्या दाराबाहेर बसून दाराला पाठ घासायचा. आठवड्यातून दोनदा त्याला ओल्या फडक्यानं पुसायचं काम माझं. तेव्हा तो माझ्याकडे जे बघायचा ते एकाही दुकानदाराला जमलं नाही.

नवव्या दिवशी मी चहा घेऊन बाहेर येत होतो. मिरी माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभी होती. तिनं फुंकलं. कपाटाच्या काचेत मला तिची नळी दिसत होती. काटा एकशे ऐंशीला थांबला. पुन्हा फुंकलं, एकशे पंचाहत्तर. तिसऱ्यांदा फुंकलंच नाही. तिनं अंगठ्यानं काटा हळूच वर सरकवला, दोनशे पंचवीसपर्यंत, आणि वळून म्हणाली, "आजोबा, लिहा."

मी लिहिलं.

तेव्हा मी काय विचार केला ते सांगतो, लपवून उपयोग नाही. म्हटलं, एक दिवसाचं काय घेऊन बसायचं. सर्दी असेल. उद्या चढेल आपोआप. आणि त्याच वेळी माझ्या पायाशी तो पिवळा गोळा येऊन बसला आणि मी खाली वाकून त्याच्या मानेवरून हात फिरवला. दुकानदार परका असता तर पावती फाडून हातात दिली असती. इथे मी मूग गिळून बसलो. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ना, ते हेच.

दुसऱ्या दिवशीही तिनं तेच केलं. मी मुद्दाम चहा ओतायला आत रेंगाळलो, म्हणजे बघायला नको. असे बारा दिवस. मिरी जिना चढताना मधेच थांबून बुटाची लेस बांधायची, लेस सुटलेली नसतानाही. दोरीच्या उड्या बंद झाल्या. मी काय केलं? तिचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं. लेक म्हणाली, "किती लाड करता, बाबा." वहीत बघून ती खूश होती. दोनशे पंचवीस, दोनशे तीस, दोनशे पंचवीस.

बारा दिवस संपले त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी शाळेतून फोन आला. मी पोचेपर्यंत तिला रुग्णालयात नेलं होतं. तोंडावर वाफेचा मास्क, ओठ निळसर, आणि गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता. डोळे उघडे होते. तिनं मला बघितलं आणि हात पुढे केला. तो हात धरायची माझी लायकी नव्हती, तरी धरला.

डॉक्टरबाईंनी वही चाळली. "हे आकडे या छातीचे नाहीत," त्या म्हणाल्या. "मोजत कोण होतं?"

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी मिरीची चादर नीट करायला लागलो. त्या दिवशी मिरीला बोलता येत नव्हतं म्हणून विषय तेवढ्यावर थांबला. दुसऱ्या दिवशी मास्क निघाला, तसं ती स्वतःच म्हणाली, "आई, मी काटा सरकवायचे. आजोबांना माहीत नव्हतं. त्यांना ओरडू नकोस."

लेकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका, बाबा. पोरं अशीच असतात." आणि मी मान हलवली. मान हलवली मी! पोरगी पुढचा श्वास घेईल की नाही अशा अवस्थेतून परत आली होती, तिच्या जबानीआड मी लपलो.

शेटजीला त्याच संध्याकाळी जावयानं छापखान्यातल्या एका बाइंडरच्या घरी पोचवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला भेटायला जाता येत नाही. गेलो तर कपड्यांवर केस येणार आणि घरी येऊन मिरीच्या छातीत जाणार. बाइंडर सांगतो, खातोय पितोय, दाराशी बसतो. एवढंच.

आम्ही पडदे उकळत्या पाण्यात धुतले, गादी बदलली, भिंतीसुद्धा पुसल्या. तरी नळीतला आकडा एकशे नव्वदच्या पुढे जाईना. बोका गेला तरी त्याचे बारीक कण घरात चार-सहा महिने राहतात, असं बाईंनी समजावलं. मिरीला ते पटेना. "तो गेला तरी काटा वर येत नाही, मग त्याला पाठवलं कशाला?"

मोजणं अजून माझ्याकडेच होतं. गेल्या सोमवारी सकाळी तिनं फुंकलं, नळी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात वर केले, पोलिसासमोर करतात तसे. "बघा आजोबा, हात लांब आहेत. आता तुम्हाला फसवणार नाही मी."

मी पेन खाली ठेवलं. "मिरी," म्हटलं, "तू मला फसवलंच नव्हतंस. मी बघितलं होतं."

"केव्हा?"

"पहिल्याच दिवशी. कपाटाच्या काचेत."

मला वाटलं आता चिडेल, रडेल. तिखट पोर आहे, दोन शब्द सुनावेल, माझंही ओझं उतरेल. पण तिनं अगदी हळू विचारलं, "मग थांबवलं का नाही?"

"मलाही शेटजी हवा होता," मी म्हणालो. दुसरं काही नव्हतंच माझ्याकडे.

"मला रोज वाटायचं," ती म्हणाली, "आज आजोबा मला पकडतील, ओरडतील. खूप दम लागायचा ना. ओरडला असतात तर मी सगळं सांगितलं असतं."

तिनं वही माझ्यासमोरून उचलली, आकडा स्वतः लिहिला आणि झाकण लावून पेन मला परत दिलं. रागानं नाही. मोठी माणसं एखाद्याच्या हातून काम काढून घेतात, तसं.

"उद्यापासून मी सहाला उठेन," ती म्हणाली. "आई जायच्या आधी. आईच बघेल."

ठीक आहे, म्हटलं. आणखी काय म्हणायला मला तोंड होतं?