लग्नाच्या झग्याचं साटीन

शेरिलला नर्सिंगच्या कोर्सला जागा मिळाली, आणि तिच्यापेक्षा जास्त हरखली ती तिची थोरली बहीण डेल्फी. डोंगरांमधल्या त्यांच्या अख्ख्या घळीत तिने घरोघरी फोन फिरवले. ज्यांनी उचलला नाही त्यांच्या अंगणात ट्रक उभा करून हॉर्न वाजवला आणि बातमी सांगितली. बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण असतं, त्यासाठी तिने पातेलंभर घेवडा शिजवला आणि मक्याचा पाव भाजला, जणू घरात लग्नच निघालं होतं. शेरिल मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नुसती नखं खात होती.

तिला वाटत होती ती लाज. उगाच वाटत नव्हती.

कम्युनिटी कॉलेजात जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर, त्यामुळे मार्कांनंतर मुलाखतही असते. टेबलामागे तिघं बसलेली. मधल्या कॉडिलबाई, सगळा जन्म वॉर्डात काढलेल्या, बोलायला गोड पण नजर थेट आतपर्यंत जाणारी. त्यांनी विचारलं, "घरात कुणाचं दुखणं काढलंयस का गं? त्यातलं काय आठवतं तुला?"

आता खरं काय होतं ते सांगते. आईला पक्षाघात झाला, एक बाजू गेली, बरीचशी नजरही गेली. मरेपर्यंतची दोन वर्षं ती डेल्फीच्या घरी पुढच्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. आणि आईचं सगळं, म्हणजे अगदी सगळं, डेल्फीने केलं. त्यापायी तिने स्वतःचं कॉलेज पहिल्याच सत्रात सोडलं. शेरिल तेव्हा लेक्सिंग्टन शहरात एका दुकानात गल्ल्यावर होती. एखाद्या रविवारी डोनटचा खोका घेऊन यायची, खुर्चीच्या काठावर टेकायची आणि त्या खोलीतला वास नको म्हणून तोंडाने श्वास घ्यायची. आई चाचपडत तिचा हात धरायची आणि म्हणायची, "या हातांनी किती केलंस गं माझं." आई भ्रमात आहे, आपल्याला डेल्फी समजतेय, असं शेरिलला वाटायचं. पण ती गप्प राहायची. डेल्फी म्हणायची, "जरा चादरीचं ते टोक धर गं," तर हिच्या पाठीत उसण भरायची. पाठ ठणठणीत होती.

तर मुलाखतीत तिने तोंड उघडलं ते "माझ्या बहिणीने" म्हणायला, आणि निघालं "मी". एकदा ते निघालं, मग पुढचं सगळं घरंगळत आलं. आईची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, साध्या चादरीवरून ओढलं तरी सोलून निघायची. म्हणून डेल्फीने खोक्यातून आपला लग्नाचा झगा काढला, त्याचा घेर कापला आणि ते साटीन आईच्या खाली अंथरलं, म्हणजे तिला अलगद सरकवता यावं. शेरिलने तिथे सांगितलं, "मी माझा लग्नाचा झगा कापला." तिचं स्वतःचं लग्न कचेरीत झालं होतं, जीन्सवर, आणि ते त्या जीन्सइतकंही टिकलं नव्हतं. कॉडिलबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. खोटं बोलायला आपल्याला काहीच कष्ट पडले नाहीत, याचीच शेरिलला नंतर सर्वांत जास्त लाज वाटली.

चर्चच्या तळघरात लांब टेबलं मांडली होती. गोडाच्या टेबलापाशी ऑर्लिना केळ्यांचं पुडिंग वाढत होती. घळीतली शिवणकामाची बाई तीच. डेल्फीच्या लग्नाचा झगा तिनेच शिवलेला, फुकट, आणि वर्षभर त्याची आठवण करून दिलेली.

"शेरिल, बघ कुणाला आणलंय!" ऑर्लिना ओरडली. "माझी मावसबहीण. तुमच्या कॉलेजात असते ना ती. म्हटलं, ये गं बाई, तुझी एक पोरगी आमच्याकडची आहे."

कॉडिलबाई हातात कागदी ताटली घेऊन हसत उभ्या होत्या.  शेरिलने वळून पाहिलं तर डेल्फी ताटलीत दोन पाव घेऊन तिच्या मागेच आलेली.

"तू बहीण का?" कॉडिलबाईंनी ताटली टेबलावर ठेवून डेल्फीचा मोकळा हात दोन्ही हातांत घेतला. "अगं, मी इतक्या मुलाखती घेतल्या, पण हिच्यासारखं कुणी बोललं नाही. आईसाठी स्वतःच्या लग्नाचा झगा कापायचा! मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. म्हटलं, ही पोरगी शिकवायच्या आधीच नर्स आहे."

ऑर्लिनाचा पळी धरलेला हात हवेत थांबला. पुडिंगचा एक गोळा टेबलावर पडला. तिने शेरिलकडे पाहिलं, मग डेल्फीकडे.  आता बोलावं, आत्ताच, असं शेरिलला वाटत होतं. पण ही बाई काय म्हणेल, जागा जाईल, सगळ्या चर्चसमोर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे सगळं तिच्या मनात आलं. बहिणीचा विचार सर्वांत शेवटी आला.

डेल्फीने पाव ताटलीत नीट लावले. मग म्हणाली, "हो ना. मी म्हटलं होतं तिला, कापू नकोस गं, महागाचं साटीन आहे. पण ऐकते कुठे! लहानपणापासून हट्टी."

"फार हट्टी," ऑर्लिना म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला. "पुडिंग घे तू. घे की."

शेरिलने पुडिंग घेतलं. हे ऐकणाऱ्यांत निदान दहा-बारा बायका तरी डेल्फीच्या लग्नाला नाचून आलेल्या होत्या. त्यांच्यातलं कुणीही एक अक्षर बोललं नाही. उलट येऊन पाठ थोपटून गेल्या. एखादीने थोबाडीत मारली असती तर शेरिलला बरं वाटलं असतं.

 ट्रक घळीत वळल्यावर शेरिल म्हणाली, "मी सांगणार होते तुला."

"कधी? नर्स होऊन रिटायर झाल्यावर?"

"मी उद्या फोन करते त्यांना. खरं काय ते सांगते."

"म्हणजे मी कोण ठरले गं? बायबल क्लासच्या खोलीखाली उभी राहून खोटं बोलले मी." डेल्फीने गिअर जोरात टाकला. "फोन कर नाहीतर नको करूस, तुझं तू बघ. मला विचारू नकोस."

घरी आल्यावरही उजेड होता. पुढच्या खोलीत आईची खाली-वर होणारी खाट अजून तशीच होती. डेल्फीने बूट काढले, कपाटाच्या तळाच्या खणातून साटीन काढलं. धुऊन धुऊन पिवळट पडलेलं, एका कडेला अजून मणी होते. तिने ते गादीवर पसरलं आणि त्याच्यावर उताणी झोपली.

"काय करतेयस?" शेरिलने विचारलं.

"मी आई. भिंतीकडे वळव मला."

"डेल्फी, नको ना."

"कॉलेजात जाणार असशील तर एकदा तरी करून जा. चल."

शेरिल जवळ गेली. डेल्फीने डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. शेरिलने खांदा धरून ढकलला. ती हललीसुद्धा नाही.

"अशी नाही. आधी साटीन धरून आपल्याकडे ओढ मला. पाठीने नको, गुडघे वाकव. हं. आता माझा तुझ्याकडचा पाय दुमड. एक हात खांद्याला, एक कमरेला. दांडगाई करू नकोस, कातडी जाईल माझी."

साटीन सरकलं. बहिणीचं जड, उबदार अंग हळूहळू वळलं आणि भिंतीकडे तोंड करून स्थिरावलं. शेरिलला दम लागला होता. दिवसातून किती वेळा, रात्री उठून किती वेळा, असं विचारायचं तिच्या तोंडावर आलं, पण विचारायची तिला लाज वाटली.

डेल्फी भिंतीकडे बघतच बोलली. "अशी वळली की आई विचारायची, कोण गं? मी सांगायचे, शेरिल."

शेरिलचा हात तिच्या खांद्यावर होता तसाच राहिला.

"तिला दिसत कुठे होतं! आणि तू येत नव्हतीस म्हणून ती रडायची. म्हटलं, जाऊ दे, माझे हात काय नि तुझे काय. मग ती खूश व्हायची. आणि मी डेल्फी म्हणून गेले की मला म्हणायची, धाकटी फार हळुवार करते, तू धसमुसळी आहेस."

डेल्फी हसायला गेली, पण हसू अर्ध्यातच अडकलं. तिची पाठ हलायला लागली.

या हातांनी किती केलंस गं माझं. आई भ्रमात नव्हती. तिने शेरिलला शेरिल समजूनच हात धरला होता.

"मी उद्या फोन करते," शेरिल म्हणाली. 

डेल्फीने बाहीने नाक पुसलं. "बरं. पण त्याआधी दुसऱ्या कुशीवर घे मला. हात बधिर झाला."

शेरिलने गुडघे वाकवले आणि साटीन धरलं.